शून्य कोणाच्या नावावर?

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी हळदीकुंकवाला कोपरखैरण्याला गेले होते, धाकट्या जावेकडे. ती घरून पोळी-भाजीचे डबे देते. सकाळी नऊच्या आत दीडशे पोळ्या लाटून मोकळी झालेली असते, त्यामुळे दुपारी तिच्याकडे निवांत बसता येतं. कसल्याशा फॉर्मसाठी आधार कार्ड हवं होतं म्हणून तिने फ्रिजवरची कागदपत्रांची पिशवी खाली ओतली, तर त्यातून एक मोठं पांढरं पाकीट निघालं.

"हा नवरात्रातल्या कॅम्पचा रिपोर्ट, ताई. मंडळाच्या हॉलसमोर गाडी आली होती ना, फुकट मॅमोग्राफीची. चांगला आलाय. शून्य आलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दोन आलंय. चार दिवस बिचारीला जेवण गेलं नाही."

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कर्करोगाची काही खूण आहे का ते बघायला काढलेला. मी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. दीड पान इंग्रजी. शेवटाकडे 'बायरॅड्स कॅटेगरी झिरो', त्यापुढे 'इनकम्प्लीट', आणि त्याखाली बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंची सोनोग्राफी करून पडताळून पाहावं अशा अर्थाची एक ओळ. तारीख आठ आठवड्यांपूर्वीची.

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनींना काहीही झालेलं नव्हतं आणि त्या रडत होत्या. हिची तपासणी अजून पुरी झालेलीच नव्हती आणि ही त्यांची समजूत काढायला वर जात होती.

बायरॅड्स ही मॅमोग्राफीचा रिपोर्ट लिहिण्याची पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ साली आणली. आपल्याकडचे रेडिऑलॉजिस्टही तीच वापरतात, आणि पद्धत चांगली आहे; डॉक्टराडॉक्टरांत घोळ राहत नाही. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे काहीतरी दिसतंय, पण ते निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवीच, कर्करोग निघण्याची शक्यता फार तर २ टक्के, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार आलं की सुईने तुकडा काढून तपासायचा. पाच म्हणजे कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून वर. सहा म्हणजे निदान आधीच झालेलं आहे. शून्य या शिडीवर कुठेच बसत नाही. शून्य म्हणजे 'एवढ्यावरून मला सांगता येत नाही, आणखी बघावं लागेल'. डॉक्टरांच्या बाजूने तो प्रामाणिकपणा आहे. आमच्या बाजूला मात्र रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, प्रेशर या सगळ्यांनी डोक्यात पक्कं बसवलंय की रिपोर्टातला आकडा जितका लहान तितकं बरं. त्या हिशेबाने शून्याइतकं चांगलं दुसरं काय असणार?

मी ३१ वर्षं बँकेत काढली. बँकेत एक सस्पेन्स अकाउंट असतं. पैसे आले आहेत, पण कोणाच्या खात्यात टाकायचे ते कळत नाही, अशी रक्कम तिथे पडते. बाहेरच्या माणसाला वाटेल अडगळीची खोली असेल. उलट, शाखेत सगळ्यात जास्त धाक त्याच खात्याचा. तिथली प्रत्येक एंट्री किती दिवसांची आहे, कोणी टाकली, कोण तिचा पाठपुरावा करतंय, हे लिहिलेलं असतं. ऑडिटर आला की पहिला हात त्या यादीवर ठेवतो. दोनशे रुपयांच्या एंट्रीसाठी मी कल्याणच्या शाखेला आठ-आठ वेळा फोन केलेले आहेत. बायरॅड्स शून्य ही तशीच सस्पेन्सला पडलेली एंट्री. फक्त ती कोणाच्या नावावर नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते कॅम्पवाल्यांना आवडणार नाही. ज्याने पहिली मॅमोग्राफी केली, मग ती फुकट असो की ९९९ रुपयांच्या पॅकेजात, त्याने शून्य आलेल्या प्रत्येक बाईची पुढची तपासणी होऊन एक ते सहामधला कुठला तरी आकडा तिच्या हातात पडेपर्यंत तिला सोडायचं नाही. एवढं झेपत नसेल तर कॅम्प भरवू नये.

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना; तो आला की आमचं ठाणं गुलाबी होतं. तलावपाळीला चालण्याचे कार्यक्रम, घोडबंदर रोडच्या टॉवरांत क्लबहाउसमध्ये व्याख्यान, कमानीला गुलाबी फुगे, आणि ज्यांचा फोटो बॅनरवर आहे ते साहेब फीत कापायला अर्धा-पाऊण तास उशिरा. मी याची टिंगल करत नाही. वीस वर्षांपूर्वी ठाण्यातल्या मध्यमवर्गीय घरात 'स्तन' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. 'तिला छातीला गाठ होती' एवढंच, तेही ती गेल्यावर. आज बायका रांगेत उभ्या राहून नाव नोंदवतात, यात त्या फुग्यांचाही वाटा आहे. पण संध्याकाळी गाडी निघून गेली की व्हॉट्सॲपवर जो फोटो फिरतो, त्याखाली '६० महिलांनी लाभ घेतला' असं लिहिलेलं असतं. लाभ? मॅमोग्राफी ही लस नाही, की टोचली आणि काम झालं. तो एक प्रश्न आहे, आणि काही जणींच्या बाबतीत उत्तर तिथल्या तिथे मिळत नाही.

किती जणींच्या? अमेरिकेत काही त्रास नसताना, नुसती चाळणी म्हणून मॅमोग्राफी केलेल्या १०० बायकांपैकी साधारण १० जणींना आणखी तपासणीसाठी परत बोलावतात. त्या दहांतल्या बहुतेकींना काहीच निघत नाही. पहिल्यांदाच मॅमोग्राफी करणाऱ्यांत परत बोलावण्याचं प्रमाण आणखी जास्त असतं, कारण ताडून बघायला जुनी फिल्म नसते. आपल्या कॅम्पात येणाऱ्या बहुतेक बायकांची ती आयुष्यातली पहिलीच मॅमोग्राफी. तेव्हा ६० जणींचा कॅम्प घेणाऱ्याने गाडी ठरवण्याआधीच गृहीत धरायला हवं की निदान सहा जणी पुन्हा बोलवाव्या लागणार. हे अचानक उपटणारं संकट नाही. मांडवाच्या भाड्याइतकाच आधी माहीत असलेला हा खर्च आहे, आणि तो कॅम्पच्या हिशेबात मी तरी आजवर कुठे पाहिलेला नाही.

मॅमोग्राफी अस्पष्ट का येते, हेही कोणी बायकांना धड सांगत नाही, म्हणून मग 'मशीन खराब होतं' किंवा 'आणखी पैसे काढायचे धंदे' अशी दोनच उत्तरं सोसायटीच्या बाकावर फिरत राहतात. स्तनात चरबी असते आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची दाट ऊती असते. एक्स-रेवर चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या. गाठही पांढरीच दिसते. पावसाळ्यात येऊरला जाऊन बघा. रस्ता मोकळा असेल तर समोरची पांढरी गाडी लांबूनही दिसते. धुकं उतरलं की तीच गाडी दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. डोळे तेच, गाडी तीच. दाट ऊती असणं हा आजार नाही, दोष नाही, आणि हाताला ते कळतही नाही, मॅमोग्राफीतच दिसतं. वय कमी तर दाटपणा साधारण जास्त.

आता आपली परिस्थिती बघा. स्तनाचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो. त्याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे आहे, पण कारण काहीही असो, दवाखान्यात येणारी बाई पंचेचाळीस-पन्नासची असते. म्हणजे ज्या वयात तपासायची गरज, त्याच वयात धुकं दाट. जपानमध्येही हाच प्रश्न होता. त्यांनी चाळिशीतल्या जवळजवळ ७३,००० बायकांचे दोन गट केले. एका गटाला नुसती मॅमोग्राफी, दुसऱ्याला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. २०१६ साली निकाल छापून आला. नुसत्या मॅमोग्राफीने १०० कर्करोगांपैकी ७७ पकडले, जोडीला सोनोग्राफी असताना ९१. पण त्याच गटात विनाकारण परत बोलावलेल्या बायकाही जास्त. हा दुसरा भाग मी मुद्दाम लिहितेय, कारण 'सगळ्यांना सगळं करा' असं माझं म्हणणं नाही. शून्य आलेल्या बाईला मात्र सोनोग्राफी ही चैन नाही. तिची अर्धी राहिलेली तपासणी तीच आहे.

पुढच्या तपासणीत असतं तरी काय? बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम. कधी त्याच मशीनवर तेवढाच भाग जास्त दाबून पुन्हा फोटो, कधी स्तनात दिसलेले चुन्याचे बारीक कण मोठे करून बघायचे, काही ठिकाणी थ्रीडी मॅमोग्राफी. आणि बहुतेक वेळा सोनोग्राफी, कारण गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, हे सोनोग्राफी लगेच सांगते. एमआरआयची वेळ मोजक्या जणींवर येते, मुख्यतः घरात आई-बहिणींना झालेला असेल, जनुकात दोष असेल तेव्हा. आणि जुनी फिल्म असेल तर नुसती ती शेजारी धरली तरी कधी कधी प्रश्न मिटतो: पाच वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे, जा घरी. पण आमच्याकडे जुन्या फिल्म माळ्यावर, नाहीतर मुलाने ग्रहण बघायला फाडून घेतलेल्या. हल्ली सीडी देतात. ती घालायला घरात लॅपटॉपला फट राहिलेली नाही.

कोणी म्हणेल, मग कॅम्पच्या गाडीतच सोनोग्राफीचं मशीन का आणत नाहीत? इथे आपल्या राज्याचा इतिहास आडवा येतो, आणि बरोबर येतो. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा १९९४ चा. त्या कायद्याखाली सोनोग्राफीच्या मशीनची नोंदणी लागते आणि ते पेटीसारखं उचलून आज या हॉलात, उद्या त्या क्लबहाउसात नेता येत नाही. मुलींच्या जिवावर उठलेल्या यंत्राला बांधून ठेवलं, याबद्दल मला तक्रार नाही. मशीन बाईकडे येऊ शकत नसेल तर बाई मशीनकडे जाईल. पण मग तिला कुठल्या सेंटरला, कोणत्या वारी, किती वाजता, हे आधी ठरवून द्यायला काय हरकत आहे? कॅम्पच्या आधीच जवळच्या सोनोग्राफी सेंटरच्या सहा वेळा राखून ठेवायच्या. लग्नाचा हॉल आपण वर्षभर आधी राखतो.

माझ्या जावेला असं कोणी काही ठरवून दिलं नव्हतं. पाकिटावरच्या नंबरावर मी फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचं काम फक्त स्क्रीनिंगचं आहे." ती गोड बोलत होती, तिचा काही दोष नाही. त्याच नंबरावरून माझ्या जावेला तिच्या वाढदिवसाला शुभेच्छा आल्या होत्या, आणि दर पंधरवड्याला मधुमेहाच्या पॅकेजवर ४० टक्के सूट येत होती. म्हणजे नंबर त्यांच्याकडे होता. फोन करायची यंत्रणाही होती.

मग आम्ही वाशीला जाऊन सोनोग्राफी केली. १८०० रुपये. उजव्या बाजूला पाण्याची गाठ, साधी, काळजीचं कारण नाही. डाव्या बाजूला एक लहानशी भरीव गाठ, गुळगुळीत कडांची, बहुधा फायब्रोअडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ; तिला बायरॅड्स तीन. सहा महिन्यांनी या. बाहेर दीर टेम्पो लावून उभे होते. ते एपीएमसीत मसाला मार्केटला माल टाकतात, त्या दिवशीची एक फेरी बुडाली होती. ऐकून म्हणाले, "म्हणजे १८०० रुपये पाण्यात गेले."

आम्ही दोघी हसलो. पण रात्री हिशेब मांडला, तर त्यांचं म्हणणं विम्याच्या कागदावर अक्षरशः खरं निघालं. त्यांची पाच लाखांची मेडिक्लेम आहे. बहुतेक मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या नाहीत, आणि निव्वळ तपासणी-निदानासाठी ॲडमिट झालात तरी पैसे मिळत नाहीत, असं कलमच असतं. मात्र ॲडमिट होण्याआधीच्या साधारण ३० किंवा ६० दिवसांतला त्याच आजाराच्या तपासण्यांचा खर्च मिळतो. म्हणजे तिला कर्करोग निघाला असता आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं असतं, तर ते १८०० रुपये परत आले असते. काही निघालं नाही म्हणून खिशातून गेले. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचाराला मोठा हात देते, पण उपचारासाठी आधी आजाराचं नाव कागदावर लागतं. आयकरात प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतची वजावट आहे, तीही जुनी करप्रणाली घेणाऱ्याला; पोळ्या लाटणाऱ्या बाईला तिचा उपयोग काय? अलीकडे फुकट कॅम्प, पलीकडे पाच लाखांचा विमा, आणि मधल्या १८०० रुपयांच्या साकवाला फळीच नाही. बायका पडतात त्या इथे.

अमेरिकेतही नेमकं हेच होत होतं. पहिली मॅमोग्राफी विम्यात फुकट, आणि परत बोलावलं की शेकडो डॉलरचं बिल. त्यामुळे परत न येणाऱ्या बायका. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २०२४ च्या डिसेंबरात नियम सुधारला, आणि २०२६ पासून सुरू होणाऱ्या विमा योजनांत गरज पडल्यास सोनोग्राफी, एमआरआय, तुकडा तपासणी हेही चाळणी पुरी करण्याचाच भाग धरायचं ठरलं. शब्द महत्त्वाचा आहे: चाळणी 'पुरी' करणं. शिवाय तिथे मॅमोग्राफी करणाऱ्या केंद्राने बाईला समजेल अशा भाषेत निकालाचं पत्र ३० दिवसांच्या आत पाठवायचं असतं, आणि १० सप्टेंबर २०२४ पासून ऊती दाट आहे की नाही हेही त्या पत्रात लिहावं लागतं. आपल्याकडे मॅमोग्राफीच्या यंत्रावर, किरणांच्या मात्रेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. वाशीच्या खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला त्यांचं कार्यालय. यंत्र अचूक असावं याची एवढी काळजी घेणाऱ्या देशात, त्या यंत्राने काय म्हटलं ते बाईला कळलं का, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नसावा?

अमेरिकेचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांच्याकडे पैसा आहे. ठीक. मग मुंबईचं घ्या. टाटा मेमोरिअलने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका. मॅमोग्राफीचं नावही नाही. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ साली निकाल छापला: हाताने तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे लिहिलं. या अभ्यासाबद्दल बोलताना सगळे त्या आरोग्यसेविकांच्या हातांचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला त्यात दुसरंच दिसतं. हाताला काही लागलं की पुढे कुठे जायचं ते ठरलेलं होतं. परळच्या टाटा हॉस्पिटलचं दार उघडं धरून मगच वस्तीत पाऊल टाकलं होतं. साधं साधन आणि पुरा रस्ता मिळून एवढं काम झालं. आपण मात्र लाखो रुपयांचं यंत्र गाडीत घालून आणतो आणि रस्ता अर्ध्यावर सोडतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हातानेच तपासणी सांगितली आहे. ती कागदावरून किती उतरली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात ०.९ टक्के. शंभरात एक पुरती नाही. आणि २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. या आकड्यांसमोर कॅम्पवाला मला म्हणणार, "बाई, इथे शंभरात एक तपासली जात नाही, आणि तुम्ही आहे ते कॅम्पही बंद करायला निघालात."

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. माझं ऐकलं तर कॅम्प कमी होतील, हे खरंच आहे. साठांऐवजी चाळीस जणींचे होतील. पण साठांतल्या ज्या सहा जणींना शून्य आलं आणि ज्या माझ्या जावेसारख्या निर्धास्त झाल्या, त्यांचं कॅम्पने भलं केलं की नुकसान? कॅम्प झालाच नसता तर गाठ हाताला लागल्यावर ती निदान घाबरून डॉक्टरकडे गेली असती. आता तिच्याकडे 'चांगला' रिपोर्ट आहे. पुढच्या वर्षी गाठ लागली तरी ती म्हणेल, अगं, मागच्याच वर्षी शून्य आलं होतं. खोटा दिलासा हा न तपासण्यापेक्षा वाईट असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाईने पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं. कोपरखैरण्यात त्यातले छप्पन्न दिवस फ्रिजवरच्या पिशवीत गेले.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा: फार तपासण्यांनी बायका उगाच घाबरतात, सुया टोचून घेतात. मान्य, आणि म्हणूनच सरसकट पॅकेजं विकण्याच्या मी विरोधात आहे. तिशीतल्या, काही त्रास नसलेल्या मुलीला 'वूमन्स डे ऑफर' म्हणून मॅमोग्राफी विकणं हा निव्वळ धंदा आहे. पण शून्य देऊन गप्प बसणं हा त्यावरचा इलाज नाही. घाबरवायचं नसेल तर लवकर सांगा, मराठीत सांगा. आणि सांगताना हेही सांगा की परत बोलावलेल्या बहुतेक जणींना काही निघत नाही. 'सुई लावली की पसरतो' ही भीती तर मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकते. ती काढायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं देणारं माणूस समोर हवं.

तिसरा आक्षेप घरातलाच. "बायका स्वतःच जात नाहीत, त्याला कोण काय करणार?" हा ऐकला की माझं डोकं फिरतं. टेम्पोचा हप्ता दोन दिवस चुकला तर दिराला फायनान्सवाल्यांचे चार फोन येतात. गॅसची केवायसी राहिली तर मेसेज. माणसाला जिथून पैसे यायचे असतात तिथे पाठपुरावा बरोबर जमतो.

या सप्टेंबरात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत कॅम्पची चर्चा निघाली तेव्हा मी मीटिंगमध्ये तीनच गोष्टी मागितल्या. रिपोर्टवर पहिली ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात: 'तपासणी पूर्ण झाली' किंवा 'तपासणी अपुरी आहे, पुन्हा यायचं आहे'. सहा सोनोग्राफींचे पैसे आधीच बाजूला. आणि एक वही, ज्यात शून्य आणि तीन आलेल्यांची नावं, पुढची तारीख, आणि समोर ज्याने फोन करायचा त्याचं नाव, पदनाम नव्हे. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण ही खाजगी माहिती, लोकांना आवडणार नाही." बरोबर आहे, वही कमिटीकडे नको, सेंटरच्या नर्सकडे राहू दे, बाईची सही घेऊन. खजिनदार म्हणाले, दहा-अकरा हजार कुठून आणायचे? मी म्हटलं, गरब्याच्या डीजेतून. तिथे शांतता पसरली. नंतर कोणीतरी फुग्यांच्या कमानीचा विषय काढला आणि मीटिंग तिकडे गेली. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलंय.

जावेचे सहा महिने जूनमध्ये भरत होते. जून म्हणजे वह्या, रेनकोट, शाळेची फी आणि डब्यांची गिऱ्हाइकं गावाहून परतलेली. डिसेंबरात सोनोग्राफी करून आलो त्या दिवशी नवं कालनिर्णय अजून गुंडाळीतच होतं. तिने ते सोडलं, जूनच्या पानावर बॉलपेनने 'सोनो' लिहिलं आणि भोवती गोल काढला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी फोन केला तर म्हणाली, "आषाढी होऊ दे, ताई." आषाढी झाली, आम्ही गेलो. गाठ होती तेवढीच आहे. परवा तिच्या स्वयंपाकघरात पाहिलं, तर जूनचं पान उलटून गेलं होतं आणि डिसेंबरच्या पानावर गोल आधीच काढून ठेवला होता. शेजारच्या चौकटीत बारीक अक्षरात दोन नंबर होते, एक माझा आणि एक वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा.